शेऱ्याचा रकाना

अकरावा प्रश्न माझा होता. बाकीचे आम्ही ऑफिसात चौघांनी बसून केले, त्यांतले काही दुसऱ्या एका फॉर्मवरून सरळ उचललेही. पण अकरावा मी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत लिहिला. 'येत्या पाच वर्षांत या जमिनीवरचं जंगल तोडण्याचा खातेदाराचा विचार आहे काय? हो / नाही.' त्याखाली एक छोटा रकाना: 'शेरा'. तोही माझाच. हो-नाहीत न बसणारं काही असेल तर लिहायला जागा असावी, म्हणून ठेवलेला. ते सुचलं तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

मी दादरला एका लहान संस्थेत काम करते. त्याआधी बरीच वर्षं बँकेत होते. झाडांमधलं मला फारसं कळत नव्हतं. याद्या, तारखा आणि फायली यांना मी घाबरत नाही, एवढ्या भांडवलावर मला घेतलं. संस्थेची योजना साधी होती. तळकोकणात डोंगरउतारांवरची पुष्कळ जंगलं खाजगी मालकीची आहेत. दर काही वर्षांनी लाकूडवाला ठेकेदार येतो, उभं रान विकत घेतो, आणि पंधरा दिवसांत डोंगर बोडका होतो. खालचा ओढा, तिकडे त्याला व्हाळ म्हणतात, मग मे महिन्याऐवजी फेब्रुवारीतच आटतो. झाडं उभी राहिली तर पाणी खालच्या वाडीला, सावली गुरांना, घरटी धनेशाला. फायदा सगळ्यांचा आणि तो होऊ देण्याची झळ मात्र एकट्या मालकाला. तेव्हा मालकाशी काही वर्षांचा करार करायचा, रान राखल्याबद्दल त्याला दरवर्षी मोबदला द्यायचा, आणि वर्षातून एकदा जाऊन रान जागेवर आहे ना ते बघून यायचं.

गंमत अशी की जंगल कोकणात आणि मालक लालबाग-परळात. सातबाऱ्यावरची नावं काढली आणि पत्ते शोधले, तर निम्म्याहून जास्त लोक गिरणगावातल्या चाळींत, नाहीतर तिथून उठून विरार-डोंबिवलीला गेलेले. त्यामुळे आमचं जंगलातलं काम पहिले काही महिने जिने चढण्याचंच होतं. मला ते सोयीचं होतं. मी काळाचौकीच्या चाळीत वाढलेली. कुठल्या चाळीचा जिना कुठल्या बाजूला हे मला विचारावं लागत नव्हतं.

पैसे देणार होती एक कंपनी. तिचं ऑफिस लोअर परळला, काचेच्या इमारतीत. आवारात जुन्या गिरणीचं धुराडं शोभेला ठेवलंय. तिथे आमची बैठक झाली. कंपनीचा अधिकारी माझ्याहून वीस वर्षांनी लहान, सभ्य मुलगा. त्यानं विचारलं, "मॅडम, जे जंगल नाहीतरी उभंच राहणार आहे, त्याला आम्ही पैसे दिले, तर आमच्या पैशानं बदललं काय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही. मी वहीत लिहून घेतलं, आणि म्हणाले, "त्यासाठी एक प्रश्न घालते. जिथे तोडीचा धोका जास्त, तिथे गुण जास्त." त्याला ते आवडलं. आमच्या संचालकांनाही आवडलं. अशा रीतीनं त्या कुकरच्या शिट्ट्यांमध्ये लिहिलेल्या ओळीला सगळ्या फॉर्ममध्ये सर्वांत जास्त गुण मिळाले.

पहिली सभा लालबागला झाली. कोकणातल्या प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं. गावचं देऊळ, गावची पायऱ्यांची पाखाडी, गावची भांडणं यांचे निम्मे निर्णय इथल्या शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी होतात. मीही त्यातलीच, फक्त गाव वेगळं. सभेच्या सुरुवातीला सर्वांत वयस्क गृहस्थांनी ग्रामदेवतेच्या फोटोपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. बाईंचं काम सुरळीत पार पडू दे, असं एक वाक्य माझ्यासाठीही घातलं, आणि सगळा हॉल "व्हय महाराजा!" म्हणाला. मग मी उभी राहिले आणि योजना सांगितली.

"म्हणजे काहीच न करायचे पैसे?" पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं.

"झाडं न तोडण्याचे."

"तेच ते. मग आमच्या ह्यांना द्या आधी. तीस वर्षं काहीच करत नाहीत!"

हॉल हसला. 'हे' पण हसले. मग मागून एक टेम्पोवाला गृहस्थ उठला. त्यानं फॉर्म मधोमध दुमडून हातात धरला होता.

"बाई, अकरा नंबरला 'नाही' लिहिलं तर?"

"सगळ्या प्रश्नांचे गुण मिळून ठरतं."

"तसं नाय. सरळ सांगा. अकरा नंबरला 'नाही' लिहिलं तर पैसे मिळतील काय?"

"गुण कमी होतील," मी म्हणाले.

"समाजला." तो सभेकडे वळला. "लिवा रे सगळ्यांनी 'हो'. ठेकेदार येवन गेलो, बयाणो देवन गेलो."

"माझो तर कुऱ्हाड घेवन एस्टीत बसलो पण!" कोणीतरी ओरडलं.

पुन्हा हशा. मीसुद्धा हसले. एखादा नियम आपल्यादेखत फुटतो तेव्हा हसण्याऐवजी दुसरं काही करायला हवं होतं. पण सभा खेळीमेळीची झाली होती, फॉर्म भराभर उचलले जात होते, आणि माझ्या यादीतल्या बारा नावांपुढे त्या एका सकाळीच खुणा झाल्या होत्या.

त्याच गावचे, आमच्या चाळीतले शेजारी काका त्या सभेला नव्हते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आमच्या लहानपणी ते चाळीत दोन दारं सोडून राहायचे, अजून तिथेच राहतात. गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. गिरणी बंद पडल्यावर गिरगावातल्या एका छापखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मे महिन्यात ते गावाहून रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, पोती आणायचे. काकू गॅलरीत जुन्या साड्या पसरून त्यांवर सोलं वाळत घालायच्या, आणि आम्हा पोरांना भिंतीला चिकटून चालावं लागायचं. चुकून पाय पडला तर टाच दोन दिवस लाल. ती सोलं काकांच्या डोंगरातली. आम्ही चाळ सोडून दादरला आलो तरी मी केव्हाही गेले की निघताना काकू वर्तमानपत्रात बांधलेली कोकमाची पुडी हातात ठेवायच्या. त्यांच्याकडून रिकाम्या हातानं निघालेली मला आठवत नाही.

पुढच्या रविवारी माझ्या यादीत चार घरं होती. काकांचं तिसरं. चौथं कॉटन ग्रीनला, साडेबाराची वेळ दिलेली. मी अकराला पोहोचले. काका खिडकीशी काळा चष्मा लावून बसले होते.

"बघ, हिरो झालेत," काकू म्हणाल्या. "चाळीतल्या सगळ्या बाया बघून गेल्या."

"ये गो बाय," काका म्हणाले. "ह्या लोकांचा खराच आसा? झाडा उभी ठेवूचे पैसे?"

"खरंच आहे, काका."

डोळ्यावर ताण नको म्हणून फॉर्म मीच भरायचा ठरला. ते सांगायचे, मी लिहायचे. सातबाऱ्याचा गट नंबर, हिस्सा, चतुःसीमा, सगळं त्यांना पाठ. जमीन तिघांच्या नावावर: काका आणि त्यांचे दोन पुतणे. मोठ्या भावाची मुलं. थोरला विरारला, धाकटा डोंबिवलीला. झाडं कोणती, या प्रश्नाला ते थांबेनात. किंजळ, ऐन, कुंभा, हरडा असं म्हणत हवेत बोट फिरवून ते मला तिथली वाट दाखवत होते, आणि मी फॉर्मवरच्या दीड ओळीत 'मिश्र जंगल' असं लिहीत होते.

दहावा प्रश्न झाला आणि ते आपणहून म्हणाले, "बाय, ह्या होवक होया हां."

मी वर पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. पुतणे दोन वर्षं मागे लागलेत. ठेकेदार घरी येऊन गेलाय. थोरल्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला घालायचंय, धाकट्याला घराचा हप्ता जड जातोय. त्यांचंही चूक नाही. काकांच्या सहीशिवाय तोड होत नव्हती, म्हणून डोंगर उभा होता. पण तीन आठवड्यांपूर्वी पुतणे दोघे मिळून आले, तेव्हा काकांनी या योजनेचं ऐकलेलं होतं. त्यांनी पुतण्यांना सांगितलं, थांबा, हे पैसे आले तर दरवर्षी येतील, रानही राहील. नाही आले तर मी सही करतो.

"शबुद दिलंय," काका म्हणाले. "आता फिरूक येवचा नाय."

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हे मी इथे लिहू?" मी विचारलं. माझं बोट शेऱ्याच्या रकान्यावर होतं.

"पोरांचा नको गो लिवू. घरातली गजाल ती. कागदार कशाक?"

मग मी अकरावा प्रश्न वाचला. जसाच्या तसा. येत्या पाच वर्षांत जंगल तोडण्याचा खातेदाराचा विचार आहे काय.

"माझो इचार? नाय गो!" ते जवळजवळ रागावले. "माझ्या आज्यान कुऱ्हाड लावूक नाय, बापाशीन लावूक नाय. मी कित्याक लावू?"

माझं पेन थांबलं. इथे मला नीट लिहायला हवं, कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय की ते सगळं नंतर लक्षात आलं. तसं नाही. त्याच क्षणी लक्षात आलं होतं. तीन गोष्टी करता येत होत्या. एक, काकांना सरळ सांगायचं की 'नाही' लिहिलं तर तुमचा फॉर्म जाईल. दोन, शेऱ्यात पुतण्यांचं नाव न घेता एवढंच लिहायचं की सहहिस्सेदारांमुळे तोडीचा धोका आहे, आणि ते अक्षरशः खरं होतं. तीन, फॉर्म तसाच अर्धवट घेऊन जायचा आणि संचालकांना विचारायचं. तिन्ही मला सुचल्या. मी काही केलं नाही.

का? त्याच आठवड्यात संचालक म्हणाले होते, तुमच्या ओळखीची माणसं यात पुष्कळ आहेत, कोणाला उत्तरं सुचवू नका. मी म्हटलं होतं, माझ्याकडून असं कधी होणार नाही. आणि साडेबाराला कॉटन ग्रीन गाठायचं होतं. आणि माझा फॉर्म चांगला आहे अशी माझी समजूत होती, तिला धक्का लावायची मला इच्छा नव्हती. यांतलं कुठलं कारण किती, ते मला आजही वेगळं करता येत नाही.

"खरा ताच लिवचा मा?" काकांनी विचारलं. "खोटा लिवला काय फॉर्म बाद. गिरणीच्या घरांच्या फॉर्माक माका ठावक आसा." बंद गिरण्यांच्या कामगारांना मिळायच्या त्या घराची वाट ते अजून बघताहेत.

"हो काका," मी म्हणाले. "खरं तेच."

आणि माझ्या हातानं 'नाही'वर गोल केला. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर नेलं. फॉर्मची कार्बनप्रत त्यांच्यापाशी ठेवली. चहा दोन घोटांत संपवला. निघताना काकूंनी कोकमाची पुडी दिली, ती पिशवीत टाकली आणि टॅक्सी केली. कॉटन ग्रीनला बारा चाळीसला पोहोचले. दहा मिनिटं उशीर झाल्याबद्दल मला वाईट वाटत होतं.

फॉर्म तपासतानाही एक संधी होती. लालबागच्या सभेतल्या सात फॉर्मांना ठेकेदाराची चिठ्ठी जोडलेली होती: अमुक गटातलं उभं लाकूड घेण्याची तयारी आहे. सातही चिठ्ठ्या एकाच पेनानं, एकाच अक्षरात. मला दिसलं. शिपाईसुद्धा म्हणाला, "मॅडम, हा ठेकेदार लई लिहितो." पण कागद पूर्ण होते आणि नियमात बसत होते. सातही मंजूर झाले.

काकांचा फॉर्म तळाशी गेला. नकाराचं पत्र मीच तयार केलं. एकच मसुदा सगळ्यांना: 'आपल्या जंगलाला सध्या तोडीचा धोका नसल्याचे आपण कळवल्यामुळे, आपला अर्ज या फेरीत विचारात घेता आलेला नाही.' हे वाक्य छापून पाकिटात घालताना मी पत्त्याचं स्पेलिंग तपासलं.

काकांना डोळ्यांनी नीट दिसायला लागल्यावर त्यांनी स्वतः वाचलेलं ते पहिलं पत्र. हे मला काकूंनी नंतर सांगितलं. ते आधी खूश झाले. धोका नाही म्हणून लिहून आलंय, असं त्यांनी शेजारी सांगितलं. दुसरी ओळ त्यांना पुतण्यानं समजावून दिली. काकांनी त्याच आठवड्यात सही केली. शब्द दिला होता.

लालबागच्या सभेनंतर मला त्या गावाच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात घेतलं होतं. शिमग्याला गावी गेलेल्या कोणीतरी फोटो टाकला. लाल मातीचा उतार, त्यावर ताजे पांढरे बुंधे, खाली ओंडक्यांची थप्पी आणि एक ट्रक. फोटोखाली लिहिलेलं: 'काकांनी पण केलं मोकळं!' त्याखाली अंगठे. टेम्पोवाल्या गृहस्थानं लिहिलं होतं, 'तेव्हा हो लिहिलं असतं तर. खुळो म्हातारो.' हसणारी तोंडं. त्याच्या स्वतःच्या करारावर माझी सही होती.

मे महिन्यात काका दादरच्या ऑफिसात आले. आमचं ऑफिस फुलबाजाराच्या मागे पहिल्या मजल्यावर आहे, जिना चढा. ते धापा टाकत आले, पाणी प्यायले, आणि छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या माणसाच्या शांतपणानं म्हणाले, "बाय, तेव्हा फॉर्मात मी काय चुकीचा सांगलंय काय?"

"नाही काका. तुमचं काहीच चुकलं नाही."

त्यांना उत्तर हवं होतं, आणि मी त्यांना दिलासा दिला होता. मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही, ऊन वाढायच्या आत घरी जायचंय म्हणाले. त्यांना जिन्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन मी तासभर पावत्या लावत बसले. त्या लावलेल्याच होत्या.

त्यानंतर मी फॉर्मच्या मागे लागले. तीन महिने लागले. कंपनीच्या त्या मुलाला मी सातही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. तो म्हणाला, "म्हणजे आपण धोक्याला नाही, 'हो' लिहिण्याला पैसे दिले." मी म्हटलं, हो, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राखलं त्यांना आपण शिकवलं की राखण्याला किंमत नाही. त्यानं वरच्यांशी बोलून घेतलं. नव्या फॉर्मात अकरावा प्रश्न बदलला: 'या जमिनीवर शेवटची तोड केव्हा झाली? शेजारच्या दोन खातेदारांच्या सह्या घ्या.' जितकं जुनं रान तितके गुण जास्त. शिवाय सहहिस्सेदारांशी वेगळं बोलायचं, हे पक्कं केलं.

नवा फॉर्म टाइप करून झाला आणि मी सवयीनं एक उदाहरण भरून बघितलं. माझ्या हातून काकांचा गट नंबर लिहिला गेला. शेवटची तोड: याच वर्षी. गुण शून्य.

म्हणजे जुन्या फॉर्मात रान उभं होतं म्हणून ते बाद, आणि नव्यात पडलं म्हणून बाद. दोन्ही फॉर्म माझे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळाचौकीला गेले. यादीत लिहून गेले नाही. काका पेपर वाचत होते, काकू लसूण सोलत होत्या. मी बसले आणि सांगितलं. 'नाही' लिहिलं तर फॉर्म जाणार, हे मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा माहीत होतं. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

"म्हणजे तुका ठावक होता," काका म्हणाले.

"हो."

"आणि माका म्हणालंस, खरा ताच."

"हो."

काकूंचा हात थांबला. "आम्ही तुला परकी नाही गो समजलो," एवढंच त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या.

काका खिडकीतून खाली बघू लागले. खाली ट्रकमधून गणपतीच्या मंडपाचे बांबू उतरवत होते. मला वाटलं ते आता ये म्हणतील. पण ते म्हणाले, "पोरांवर माझो राग नाय. त्यांची गरज होती. पण थय मंडळात माका खुळो म्हणतत. म्हाताऱ्याक फॉर्म भरूक येवक नाय म्हणतत. तू येवन सांग."

"काय सांगू?"

"आता सांगलंस ताच."

निघताना पुडी मिळाली नाही. मी जिना उतरताना हात पिशवीत घालून पाहिला, जणू ती चुकून आत पडली असेल.

संचालकांना विचारलं तर ते म्हणाले, तिथे हे बोललात तर ते सात करार पुन्हा उघडावे लागतील. मी म्हटलं, उघडायलाच हवेत.

सभा गणपतीआधीच्या रविवारी होती. विषय तीन: गणपतीच्या एस.टी. गाड्यांचं बुकिंग, देवळाचा भोंगा, आणि तिसरा 'बाईंचं निवेदन'. गाऱ्हाणं झालं, "व्हय महाराजा" झालं. या वेळी माझ्यासाठी वाक्य नव्हतं. काका दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दोन्ही पुतणे भिंतीला टेकून उभे. गाड्यांवर तासभर भांडण झालं आणि मग माझी पाळी आली.

मी कागद आणला होता. तो न उघडता सांगितलं. प्रश्न मी केला होता. त्यात 'हो' म्हणणाऱ्याला फायदा होता. हे इथे तुम्हाला समजलं, तेव्हा मी हसले. काका इथे नव्हते. मी त्यांच्या घरी गेले, त्यांनी विचारलं, खरं लिहू का, आणि मी 'नाही' लिहिलं, त्याचा परिणाम माहीत असून. त्यांना फॉर्म भरता आला नाही असं नाही. फॉर्म मी भरला.



"म्हणजे बाई, आम्ही खोटारडे?" टेम्पोवाला उठला.

"चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या जातील," मी म्हणाले. "खोट्याला गुण देणारा प्रश्न मात्र माझा होता."

"आता हा काय नवीन..." त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या शेजारच्या बाईंनी, त्याच 'ह्यांना द्या' म्हणणाऱ्या, त्याचा शर्ट खाली ओढला. "बस रे. तुझो ठेकेदार एस्टीत बसान दमलो."

या वेळी फारसं कोणी हसलं नाही. चिटणीसांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि अध्यक्षांना हळू आवाजात विचारलं, "हे घ्यायचं का यात?" अध्यक्ष घुटमळले. मंडळाच्या वहीत असलं काही कधी घेतलेलं नव्हतं.

काका उठले. "घेवा. आणि तिच्याच हातान लिवन घेवा."

वही माझ्यापुढे आली. रेघा आखलेलं मोठं पान, वर एस.टी. गाड्यांचे आकडे. मी उभ्यानंच लिहायला लागले. तारीख, विषय, आणि मग मी बोलले होते ते, जेवढं आठवलं तेवढं. शेवटी सही केली. काका तोवर टेबलापाशी आले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि सगळं वाचलं. छापखान्यात वाचत असतील तसं, ओळीखाली नख धरून.

"झाडा खंय?" ते म्हणाले.

"काय?"

"तुझ्या त्या फॉर्मात 'मिश्र जंगल' लिवलेलंस. मी नंतर वाचलंय. हय नीट लिव. खंयची झाडा होती ती."

मी पुन्हा पेन घेतलं. ते सांगू लागले. त्या रविवारी बोटानं हवेत दाखवली होती त्याच वाटेनं, खालून वर. दगडी गडग्यापाशी किंजळ, दोन. त्याच्यावर ऐन. मग रातांबे, पाच, सोलांचे. कातळाशी कुंभा, ज्याच्यावर माडाएवढा वेल होता. हरडा. परत ऐन. मी एकाखाली एक लिहीत गेले. लोकांची चुळबुळ सुरू झाली, भोंग्याचा विषय अजून व्हायचा होता, पण कोणी काकांना थांबवलं नाही. माथ्यावर पोहोचल्यावर ते थांबले, आणि मला वाटलं झालं.

"व्हाळावरचा जांभूळ राहिला," मागून कोणीतरी म्हणालं.

धाकटा पुतण्या होता. भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढे आलेला, नजर जमिनीकडे.

काकांनी मागे वळून बघितलं नाही. "होय," ते म्हणाले. "जांभूळ. लिव."

मी लिहिलं.